पहिलं वाक्य

"बटन बंद करा! अरे, कूलरचं बटन!" कुणीतरी ओरडलं. पण बटन नेमकं कुठं आहे, हे ओरडणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

सुपडूशेठ वाणी आपल्या भांड्यांच्या दुकानात कूलरच्या पत्र्याला हात लावून उभे होते. कूलरमध्ये पाणी ओतायला म्हणून ते वळले होते. बादली खाली पडली होती, पाणी पसरलं होतं आणि शेठजी हात सोडत नव्हते. मी आणि आई कुकरची रिंग घ्यायला गेलो होतो. भुसावळचा मे महिना, भर दुपार. दुकानात बरीच गिऱ्हाइकं होती आणि सगळी जागच्या जागी थिजली होती. शेवटी दुकानातल्या नोकरानं लाकडी स्टूल उचलून वायरीवर हाणलं. वायर उपटली गेली आणि शेठजी स्टीलच्या ताटांच्या थप्पीवर कोसळले. ताटं गडगडत रस्त्यापर्यंत गेली.

मग एकदम शांतता झाली. शेठजींचा चेहरा निळा पडत चालला होता. छाती हलत नव्हती.

मी पुढं झाले. का झाले, ते आजही नीट सांगता येत नाही. आमच्या शाळेत तायडे बाई खेळ शिकवायच्या आणि गाईडच्या मुलींना प्रथमोपचारही. भुशानं भरलेलं एक पोतं आडवं टाकून त्या आमच्याकडून ते छातीवर दाब देणं, तोंडातून श्वास भरणं करून घ्यायच्या. आम्ही पोत्याला 'पोतेराव' म्हणायचो आणि खिदळायचो. आता समोर पोतेराव नव्हते.

"हेमा!" आई किंचाळली. "अगं, परक्या बाप्याच्या तोंडाला तोंड काय लावतेस!"

मला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. शेठजींच्या तोंडाला तंबाखूचा आणि लवंगेचा वास होता. मी श्वास भरत होते, छाती दाबत होते, पुन्हा श्वास भरत होते. एका दाबासरशी तळव्याखाली काहीतरी कट्‌कन मोडलं. सुकी काटकी मोडावी तसं. मी दचकून वर पाहिलं. भोवती माणसांचं कडं होतं. त्या कड्यातून कुणीतरी मोठं माणूस पुढं येईल, मला दंडाला धरून बाजूला करील, असं मला वाटत होतं. कुणी आलं नाही. मी पुन्हा दाबू लागले.

किती वेळ गेला कोण जाणे. शेठजींच्या घशातून घरघर आली, ते खोकले, त्यांनी कूस बदलली आणि ओकले. तोवर कुणी टेम्पो आणला होता. त्यांना उचलून घेऊन गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुकानाच्या पायरीवर बसून आईच्या पदराला तोंड पुसत राहिले.

शेठजी वाचले.

तिसऱ्या दिवशी माझा फोटो पेपरात आला. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती, निकाल लागायचा होता. बातमीखाली लिहिलं होतं, 'भावी डॉक्टर हेमांगी सरोदे'. मी कुणापाशी असं काही म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून गावानं ठरवून टाकलं. रिक्षावाले "काय डॉक्टरीणबाई!" म्हणून हाक मारू लागले. शेजारच्या काकू बोट कापलं तरी मलाच दाखवायला येऊ लागल्या. "देवानं हात दिलाय पोरीला," असं जो तो म्हणायचा.

सगळ्यांत जास्त बदलले ते आमचे आप्पा. आप्पा रेल्वेच्या यार्डात कारकून होते. मालगाड्यांच्या डब्यांचे नंबर टिपायचे, उन्हात, थंडीत, वर्षानुवर्षं. बोलणं मुळातच कमी. घरी पाहुणे आले की ते हळूच अंगणात जाऊन उभे राहायचे. तेच आप्पा आता ताठ चालू लागले. एक दिवस घरी आले ते हसतच.

"आज मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं," ते आईला म्हणाले. "खुर्ची दिली बसायला. म्हणाले, सरोदे, पोरीनं नाव काढलं तुमचं."

"चहा पाजला का?" आईनं विचारलं.

"पाजला ना! बिस्किटांसकट."

त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारातून मानवी शरीराचा एक तक्ता आणला आणि माझ्या खाटेसमोरच्या भिंतीला ठोकला. कातडी सोललेला एक माणूस, लाल-निळ्या शिरांचा. सकाळी डोळे उघडले की तोच समोर.

मला चैन पडत नव्हतं. घरात बसवत नव्हतं आणि बाहेर जाववत नव्हतं. मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची, पुन्हा पुन्हा हात धुवायची. घास तोंडाजवळ नेला की तंबाखूचा वास यायचा. बसल्याबसल्या तळव्याखाली काहीतरी कट्‌कन मोडायचं आणि मी हात झटकायची. आईला वाटलं, दृष्ट लागली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तशी ती म्हणाली, "बघ, किती लागली होती!" मी मान डोलावली. काय सांगणार? ज्यासाठी सगळं गाव कौतुक करतंय, तेच आठवलं की मला पळून जावंसं वाटतं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यात व्यापारी मंडळानं माझा सत्कार ठरवला. शाळेच्या सभागृहात, नगराध्यक्षांच्या हस्ते. आप्पांनी नवीन शर्ट शिवायला टाकला. "तुला चार शब्द बोलायला लावणार आहेत," ते म्हणाले. "डॉक्टर होऊन गावाची सेवा करीन, असं म्हण. शोभेल."

दुसऱ्या दिवशी तायडे बाई घरी आल्या. उंच, सडपातळ बाई, गळ्यात शिट्टीची दोरी सुट्टीतसुद्धा. आईनं त्यांना सरबत दिलं, माझं कौतुक सांगितलं, तक्ता दाखवला. बाई तक्त्याकडं न बघता माझ्या हातांकडं बघत होत्या.

"हात का चोळतेस गं सारखे?"

"काही नाही बाई."

आई आत गेली तशी त्यांनी आवाज खाली आणला. "हेमांगी, मी शिकवलंय तुला ते. मला तरी सांग."

"बाई, त्यांची बरगडी मोडली. मला आवाज येतो अजून."

"बरगडी मोडते. बरोबर दाबलं तर मोडते. मी वर्गात सांगायला हवं होतं." बाईंनी सरबताचा घोट घेतला. "बाकी?"

"बाकी काय?"

"डॉक्टर व्हायचंय का तुला?"

हा प्रश्न मला तोवर एकानंही विचारला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी सरबत संपवलं, ग्लास खाली ठेवला आणि आत आवाज दिला, "वहिनी, उद्या सकाळी हिला घेऊन जाते मी. सरकारी दवाखान्यात माझी मैत्रीण आहे डॉक्टर. दाखवून आणते काम कसं चालतं ते."

"न्या की!" आई आतून म्हणाली. "तिथंच तर जायचंय तिला पुढं."

डॉक्टर नसीम कुरेशी बुटक्या होत्या आणि भराभर चालायच्या. त्यांनी मला एका कोपऱ्यात उभं केलं. "इथं उभी राहा. चक्कर आली तर खाली बस, पडू नको." एवढंच. मग त्या जणू मला विसरूनच गेल्या.

सकाळभर माणसं येत होती. केळीच्या बागेत विंचू चावलेला मजूर आला, तो वेदनेनं खाट हलवत होता. कडुलिंबावरून पडलेला एक मुलगा आला. मग एका म्हाताऱ्यांना त्यांच्या मुलांनी उचलून आणलं. त्यांचा श्वास तुटत होता. डॉक्टरबाई त्यांच्यावर वाकल्या. नर्सला एकेक शब्दात काही सांगत होत्या, हात चालू होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. सुईत दोरा ओवताना माणसाचा चेहरा होतो तसा तो होता, दुसरं कशाचंही भान नसलेला. मी मात्र दाराकडं बघत होते.

म्हातारे गेले. डॉक्टरबाईंनी मुलांना बाहेर नेऊन सांगितलं, थोरल्याच्या पाठीवर हात ठेवला, परत आल्या, हात धुतले. मग टेबलाशी बसून डबा उघडला. भेंडीची भाजी आणि पोळी.

"तुम्ही जेवताय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तायडे बाईंनी मला डोळ्यांनी दटावलं, पण डॉक्टरबाईंना राग आला नाही. "भूक लागली. अजून दुपार काढायचीय. बस. पोळी घे."

मी बसले. पोळी घेतली नाही.

"त्या दुकानात," त्यांनी विचारलं, "शेठजींची छाती दाबत होतीस, तेव्हा काय वाटत होतं तुला? पेपरात आलं ते सोड. खरं सांग."

"कुणीतरी मोठं माणूस यावं आणि मला बाजूला करावं."

"आणि आलं असतं तर?"

"मी घरी पळत सुटले असते."

डॉक्टरबाईंनी घास चावून गिळला. "मला शिकताना एकदा सरांनी बाजूला केलं होतं. रोगी अत्यवस्थ होता, मी नवखी. मी सरांशी भांडले. बाहेर जाऊन रडले, पण भीतीनं नाही. त्यांनी मला तिथून काढलं म्हणून."

मी खाली मान घातली. "म्हणजे मी भित्री आहे."

"वेडी आहेस का? भित्री असतीस तर शेठजींचं तेरावं जेवून आलं असतं गाव." त्या हसल्या. "हे बघ बेटा, पण मी म्हणते म्हणून काही ठरवू नको. माझी-तुझी ओळख एका सकाळची. तुला दाराकडं बघताना मी पाहिलं, एवढंच मला ठाऊक."

मी पोळीचा तुकडा तोडला. त्या दिवसांत पहिल्यांदा घास वास न येता घशाखाली गेला.

परतताना वाटेत मी तायडे बाईंना म्हटलं, "बाई, मग सत्काराला काय बोलू? आप्पांनी नवीन शर्ट शिवलाय."

"मी सांगितलं तर ते माझं भाषण होईल," बाई म्हणाल्या. बरंच चालल्यावर पुन्हा म्हणाल्या, "उद्या ऊन चढायच्या आत शाळेच्या मैदानावर ये."

सकाळी मैदानावर कुणी नव्हतं. फक्त शिपाई नथ्थूभाऊ नळाखाली कळशी लावून बसले होते. बाईंनी मला झेंड्याच्या खांबाशी उभं केलं.

"अख्खं भाषण पाठ करू नकोस. खरं जे आहे, त्याचं फक्त पहिलं वाक्य पाठ कर. ते एकदा बाहेर पडलं की बाकीचं मागून येतं. बोल."

"मला... डॉक्टर व्हायचं नाही."

"ऐकू आलं नाही."

"मला डॉक्टर व्हायचं नाही."

बाई पाठमोऱ्या झाल्या आणि चालत दूर जाऊन उभ्या राहिल्या. "ऐकू आलं नाही!"

मी आवाज चढवला. बाई आणखी मागं गेल्या. मी आणखी चढवला. असं करत करत त्या मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, खो-खोच्या खांबापाशी पोचल्या आणि तिथून हात कानाशी नेला. मग मला रागच आला. बाईंचा, तक्त्यातल्या त्या सोललेल्या माणसाचा, बिस्किटं खाऊ घालणाऱ्या साहेबांचा. मी सगळं बळ एकवटून ओरडले, "मला डॉक्टर व्हायचं नाही!"

"नको होऊ माय!" नळावरून नथ्थूभाऊ ओरडले. "पण पोरी, येवढ्या सकाळी कोन करू राह्यलं तुला डॉक्टर?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना खांबाला टेकावं लागलं. मीही हसले. मग आम्ही दोघी सावलीत बसलो.

"मग काय आवडतं तुला?" बाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दुकानात इतकी माणसं होती बाई. सगळी चांगली. तरी कुणाचाच पाय का हलला नाही? त्या नोकराचाच का हलला? आई मला का ओरडली, शेठजी मरत असताना? मला शेठजींच्या छातीपेक्षा त्या लोकांचे चेहरे जास्त आठवतात."

"हं," बाई म्हणाल्या. "याचाही अभ्यास असतो. मानसशास्त्र म्हणतात." आणि त्यावर पुढं एक शब्द बोलल्या नाहीत. आता दरवर्षी दहावीची मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, पुढं काय करू म्हणून विचारतात आणि मला उत्तर देण्याची घाई होते, तेव्हा मी बाईंचं ते गप्प बसणं आठवते.

सत्काराला सभागृह भरलं होतं. पंखे गरम वारा फेकत होते. आप्पा पहिल्या रांगेत, नवा शर्ट, केसांना तेल. त्यांच्या शेजारी आई. व्यासपीठावर नगराध्यक्ष, मंडळाचे लोक आणि एका बाजूला खुद्द सुपडूशेठ. घटनेनंतर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ते वाळले होते आणि खुर्चीत चुळबुळत होते. सारखे घड्याळ बघत होते.

शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालकांनी माईक हातात घेतला. "आता भावी डॉक्टर हेमांगीताई आपल्याला सांगतील, की त्या हृदयाच्या डॉक्टर होणार की आणखी कशाच्या?"

लोक हसले. मी माईकपाशी गेले. आप्पांनी मान किंचित पुढं केली. त्यांचा चेहरा मी कधी इतका उजळलेला पाहिला नव्हता. गावाची सेवा करीन. तीनच शब्द. म्हणून टाकावं, मग पुढचं पुढं. मी दूर दाराकडं बघितलं. तायडे बाई तिथं मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी काही खूण केली नाही.

"मला डॉक्टर व्हायचं नाही," मी म्हटलं.

माईक मोठा होता. मैदानापेक्षाही मोठा आवाज झाला.

"शेठजी वाचले याचा मला फार आनंद आहे. पण मला तेव्हा फार भीती वाटली. अजून वाटते. ते काम रोज करायला जी माणसं लागतात, ती मी पाहिली. मी तशी नाही. माझ्याकडं कुणाचा जीव सोपवू नका, म्हणजे... रोज नका सोपवू."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. नगराध्यक्षांनी घसा खाकरला. "मग बाळ, होणार तरी काय तू?"

"अजून ठरलं नाही. शोधते आहे."

कुजबुज सुरू झाली. "पोरीचं डोकं फिरलं." "घाबरली असंल." आप्पा खाली बघत होते, शर्टाच्या बाहीची घडी सारखी करत. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुपडूशेठ उठले होते. एक हात बरगडीवर धरून ते माईकपाशी आले.

"मला बोलायचं नव्हतं," ते म्हणाले, "पण आता बोलतो. मी मरून आलो. तेव्हापासून माझ्या घरी हेच चालू आहे. बायको म्हणते, देवानं परत पाठवलं, काशीला चला. पोरगा म्हणतो, दुकान माझ्या हवाली करा, जप करत बसा. व्याही म्हणतात, धर्मशाळा बांधा. सगळ्यांना ठाऊक आहे मी काय करायचं ते. मला एकट्याला इचारत नाही कोणी." त्यांनी दम घेतला. "मला दुकानात बसायचंय! भांडे विकायचे आहेत! आत्तासुद्धा तिकडं गिऱ्हाईक खोळंबलं असंल."

हशा पिकला. शेठजी हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले. "पोरी, तू मला जीव दिला. त्याच्या बदल्यात तुझा जीव नको मला. तुला काय व्हायचं ते हो. काही नाही झाली तरी कुकरची रिंग माझ्याच दुकानातून न्यायची. बास."

टाळ्या झाल्या, बऱ्याच झाल्या. पण पहिल्या रांगेतल्या एका माणसाचे हात मांडीवरच होते.

आप्पा माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. पाहुणे आले की अंगणात जाऊन उभे राहू लागले. नवा शर्ट पेटीत गेला. भिंतीवरचा तक्ता त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. निकाल लागला, मला चांगले मार्क पडले, त्यांनी पेढे वाटले. "आता सायन्सच ना?" असं लोक विचारत, तेव्हा ते नुसते हसत. मी त्यांना एकदा सांगून पाहिलं, की मला आर्ट्सला जायचंय, तिथं मानसशास्त्र असतं. त्यांनी ऐकलं, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चप्पल घालून ड्युटीवर गेले.

कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी मी उठले तेव्हा त्यांची खाट रिकामी होती.

"पहाटेच गेले," आई म्हणाली. "म्हणाले, रांगेत नंबर लावतो, तू हिला घेऊन ये."

"कुठल्या रांगेत?"

"ते नाही बोलले."

वाटभर मी आईशी बोलले नाही. कॉलेजच्या आवारात सायन्सची रांग फाटकापासून सुरू होत होती. तिथं आमच्या कॉलनीतले कितीतरी बाप आपापल्या मुलांसकट उभे होते. मी रांगेच्या शेपटापासून चालायला लागले. एकेक चेहरा बघत होते. आप्पांसारखी पाठ दिसली की पुढं होऊन चेहरा बघायची. पुढं व्हरांड्यापर्यंत गेले, खिडकीपर्यंत गेले. आप्पा नव्हते.

इमारतीला वळसा घातला. मागच्या बाजूला आर्ट्सची खिडकी होती. तिथं रांग अशी नव्हतीच. खिडकी अजून उघडायची होती आणि तिच्यासमोर एकच माणूस उभा होता. डोक्यावर रुमाल, अंगात तो नवा शर्ट. उन्हानं त्याची पाठ घामाघूम झाली होती.

मी जवळ गेले. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खिडकीकडं बघू लागले. आम्ही तसेच उभे राहिलो. थोड्या वेळानं फळी वर गेली. आतल्या कारकुनानं आप्पांना ओळखलं.

"अरे सरोदे! तुमची मुलगी तर ती पेपरातली ना? इकडं कुठं उभे राहिलात? सायन्सची खिडकी पुढच्या बाजूला आहे."

"मला वाचता येतं," आप्पा म्हणाले.

आणि ते बाजूला झाले, मला खिडकीशी जागा करून द्यायला.